आखाजीची तीन पत्ती : नियमांत दडलेला इतिहास

आज विषय पत्त्यांचा आहे. आधीच सांगतो, कुणाला खेळायला लावण्यासाठी मी उभा नाही. पण नियम मात्र समजून घेऊ, कारण या खेळाचा इतिहास त्याच्या नियमांतच आहे.

जळगाव-धुळ्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांसाठी घागर भरतात. बहिणाबाईंची ‘आखजी’ आठवा, तिच्यातही झोका आहे. आणि पुरुषमंडळी? ती पारावर नाहीतर मळ्यात पत्ते घेऊन बसलेली. वर्षभर पत्त्यांना हात न लावणारा माणूसही म्हणतो, "आखाजीला चालतं."

हाच दिवस का? खानदेशात सालदाराचं वर्ष आखाजीला संपायचं. जुना हिशेब मिटायचा, नवं साल ठरायचं. रब्बी घरात आलेली, खरिपाला अवकाश. म्हणजे हाती थोडी रोकड आणि थोडा रिकामा वेळ, दोन्ही एकदम. माझ्या मते या प्रथेची एक मुळी तरी इथे आहे.

आता खेळ. पत्ते आपल्याला नवे नाहीत. बाबराने 1527 मध्ये सिंधकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, आणि सावंतवाडीची दशावतारी गंजिफा तर 120 पानांची. पण तीन पत्तीचं घराणं वेगळं. ती इंग्लंडातल्या ‘ब्रॅग’ची बहीण. एडमंड हॉयलने 1751 मध्ये ब्रॅगवर पुस्तिका लिहिली होती. अमेरिकेतला पोकर याच गोतावळ्यातला.

52 पानांतून तीन पानं 22,100 प्रकारांनी येऊ शकतात. त्यांत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, 52 वेळा. प्युअर सिक्वेन्स 48, साधी सिक्वेन्स 720, कलर 1,096, जोडी 3,744. गंमत बघा, प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ, तरी मान ट्रेलला. पाच पानांच्या पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला हरवतो, इथे उलट, कारण तीन पानांत सिक्वेन्स जुळणं जास्त अवघड.

उरले 16,440. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा हातात काहीच नसतं! मग खेळ चालतो कशावर? चालीवर. पानं न बघता खेळणारा ब्लाइंड, त्याने जेवढे टाकले त्याच्या दुप्पट पानं बघणाऱ्याने टाकायचे. शेवटी दोघं उरले की शो. पोकरच्या टेबलावर पैसे संपले तर आहेत तेवढे लावून डावात राहता येतं. आपल्या घरगुती तीन पत्तीत ती सोय सहसा नसते. चाल भरता आली नाही की पॅक, पान कितीही चांगलं असो.

इथे जरा थांबा. एकाच सतरंजीवर मालक आणि सालदार बसले आहेत असं धरा. पानं दोघांना सारखीच येतील. पण मालक चाल वाढवत जाऊ शकतो. सालदाराला दोनच वाटा, पान टाकणं नाहीतर उसनवारी. आणि उसनं देणारा कोण? बहुधा समोरचाच. मग नव्या सालाची उचल सुरू व्हायच्या आधीच खर्ची पडते. सणाला सगळे सारखे म्हणतात, पण हा नियम सगळ्यांना सारखा नाही.

कायदा काय म्हणतो? मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, धुळे-जळगाव अशी फाळणी 1906 ची. या कायद्यात आखाजीची सवलत कुठेही नाही. कौशल्याच्या खेळाला मात्र सूट आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय ठेवायचं काय टाकायचं ते ठरवावं लागतं. त्याच निकालात तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा ठरला.

न्यायालयाने पानं मोजली, आणि पानांपुरतं ते बरोबरच आहे. पण पारावरचा डाव नुसत्या नशिबावर फिरत नव्हता, तो ऐपतीवर फिरत होता. म्हणून खानदेशच्या शेतमजुरीचा इतिहास लिहिताना सालाच्या चिठ्ठीशेजारी ही सतरंजीही मांडायला हवी. झोक्यावर बसलेल्या लेकीबाळी त्या डावाचा निकाल संध्याकाळी घरात बघत होत्या.

आजच्यापुरतं एवढंच.