कर्झनची पाटी आणि कर्झनचा शिक्का

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरील नव्या महाराष्ट्र सदनात उतरणाऱ्या आपल्या मंडळींपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, की हा रस्ता पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. १९४४ साली पुण्यास कैदेत देह ठेवलेल्या कस्तुरबांचे नाव त्या व्हाइसरॉयच्या जागी यावे, हे आम्हांस उचितच वाटते. पाटी उतरली, परंतु कर्झनचा दुसरा वारसा, सरकारी कागदावरील गुप्ततेचा शिक्का, तितक्या सहजी उतरला नाही.

१८८९ चा गुपितांचा कायदा अधिक कडक करण्याचे विधेयक कर्झनच्या सरकारने १९०३ साली आणिले. मुलकी कारभारातील कागदही लष्करी गुपितांच्या पंक्तीस बसवावयाचे, हा त्यातील कावा. कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यास कडाडून विरोध केला. इंग्रजांच्या मालकीची वृत्तपत्रेही या वेळी सरकारविरुद्ध उभी होती, हे विशेष! तथापि १९०४ च्या मार्चमध्ये विधेयक संमत झालेच. पुढे १९२३ चा कायदा आला. तो अद्याप चालू आहे, आणि ‘गुप्त’ म्हणजे काय याची व्याख्या त्यातही नाही.

परमगुप्त, गुप्त, गोपनीय, मर्यादित या पायऱ्या कायद्याने नव्हे, तर खात्यांच्या अंतर्गत सूचनांनी ठरतात. चढविलेली पायरी उतरवावयाची कशी, याचा नियम मात्र १९९७ साली झाला : अवर सचिवाहून कमी दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याने दर पाच वर्षांनी असे कागद तपासावे. नियम चांगला आहे. पण शिक्का तसाच राहू दिल्याबद्दल कोणास जाब द्यावा लागत नाही. उतरविला आणि काही बिघडले, तर सही करणाराच सापडतो. मग तो हात आखडतो, यात नवल ते काय?

वरून इच्छा झाली म्हणजे दारे उघडतात. २३ जानेवारी २०१६ रोजी नेताजींविषयीच्या १०० फायली, या मार्गापासून जवळच असलेल्या जनपथावरील राष्ट्रीय अभिलेखागारात खुल्या झाल्या. १९६२ च्या पराभवावरील हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवालाच्या वाट्यास हे भाग्य आले नाही. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत त्याचा सारांश सांगितला. मूळ अहवाल पुढे ठेविला नाही. युद्ध ताजे होते, म्हणून त्या वेळचा तो निर्णय आम्हांस समजतो. परंतु २०१० साली केंद्रीय माहिती आयोगानेही नकारच दिला. २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा बराच भाग जगापुढे मांडला, तरी सरकारी प्रत बंदच राहिली. चव्हाणांचे ते निवेदन तेवढे लोकसभेच्या छापील कामकाजात कोणासही वाचावयास मिळते.