‘गॅस संपला’ : एका समजुतीचा इतिहास

मे महिन्यात खारघरमधल्या कोणत्याही सोसायटीत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘एसी गार करत नाही, गॅस संपला असेल.’ मीही ते खरे मानून लागोपाठ दोन उन्हाळे गॅस भरून घेतला. तिसऱ्या वर्षी प्रश्न पडला, हा गॅस जातो कुठे?

या समजुतीचे मूळ मला बर्फात सापडते. 1830च्या दशकात अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने मुंबईत येऊ लागला. वितळला की संपला. 1934मध्ये फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा लागला, तेव्हाही बर्फाच्या लाद्या वाटेत पुन्हा भराव्या लागत. गारवा हा खरोखरच खर्च होणारा माल होता. पुढे स्वयंपाकघरात सिलिंडर आला आणि ‘गॅस’ म्हणजे जळून संपणारी वस्तू, हेही मनात पक्के बसले.

यंत्राची रीत निराळी. 1902मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती हवेतला दमटपणा आवरण्यासाठी. ओल्या हवेत कागद फुगे आणि रंग जागेवर बसत नसत. मुंबईत 1943 साली मोहन अडवाणी यांनी ब्लू स्टार सुरू केली, तीही जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करण्याच्या कामापासून. आपल्याकडे हा धंदा दुरुस्तीतून वाढला. समजूत मात्र बर्फाचीच राहिली.

एसीतला गॅस बंद नळीत फिरतो. खोलीतली उष्णता शोषतो, बाहेर सोडतो, परत येतो. तो जळत नाही, झिजत नाही. मुळात पुरेसा भरलेला गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतणे. त्यात पैशांपलीकडचेही नुकसान आहे. जुना आर-22 ओझोनच्या थराला मारक, म्हणून 1987च्या माँट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने मागे पडला. आजचा आर-32 ओझोनला निर्धोक. पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट.

घरच्या घरी काय पाहावे? आधी मेन स्विच बंद करून जाळी धुवावी. खारघरच्या धुळीत ती लवकर बुजते आणि हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो. पाणी घरात ठिबकत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली असावी. मग पंधरा मिनिटे एसी चालवून आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक ठीक. तरीही गार नसेल, तर नळ्यांच्या सांध्यांवर तेलकट डाग दिसतो का पाहावे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही बाहेर येते.

येथे थांबावे. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, आर-32 पेट घेऊ शकतो आणि बाहेरचे युनिट अनेकदा उंच छज्जावर असते. पुढचे काम जाणत्या कारागिराचे.

माझ्याकडे तो डाग आतल्या युनिटमागच्या सांध्यावर होता. कारागिराने साबणाचे पाणी लावताच बुडबुडे आले. सांधा नव्याने बसवला, नळी निर्वात केली, मग गॅस वजन करून भरला. चार उन्हाळे झाले, पुन्हा भरावा लागलेला नाही. आता शेजारी विचारतात, तेव्हा मी एवढेच म्हणतो : ‘गॅस भरण्याआधी गळती कुठे आहे, ते दाखवायला सांगा.’