कोलोनचा फरीना : एका गंधाचे नाव आणि पत्ता

आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या मध्यमवर्गीय घरांत औषधांच्या कपाटात एक लहानशी बाटली असे. घरातली मंडळी तिला ‘युडीकोलन’ म्हणत. ताप चढला की पाण्यात तिचे चार थेंब टाकायचे, रुमालाची घडी भिजवायची आणि कपाळावर ठेवायची. या शब्दाचे मूळ ‘ओ द कोलोन’, म्हणजे कोलोनचे पाणी. कोलोन हे जर्मनीतले, ऱ्हाइन नदीच्या काठचे शहर. शहर जर्मन, नाव फ्रेंच आणि बनवणारा मात्र इटालियन! हे त्रांगडे उलगडू लागले की एकट्या कारागिराने आपल्या नाकाच्या बळावर उभा केलेला धंदा कसा वाढतो आणि कशाने अडचणीत येतो, हेही समजू लागते. त्यात रसायनशास्त्राचा वाटा मोठा आहे.

योहान मारिया फरीना १६८५ साली उत्तर इटलीतल्या सांता मारिया माज्जोरे या डोंगराळ भागातल्या गावी जन्मला. त्याच्या भावाने १७०९ मध्ये कोलोनला दुकान थाटले. रेशीम, लेस अशा चैनीच्या वस्तू तिथे मिळत. १७१४ मध्ये योहान मारिया त्यात सामील झाला. म्हणजे आरंभी सुगंधी पाणी हा दुकानातल्या अनेक मालांपैकी एक माल होता. नवनिर्मितीला वेळ लागतो आणि तोवर चूल पेटती ठेवावी लागते. फरीनांच्या घरात ते काम लेस आणि रेशमाने केले. १७३२ मध्ये भाऊ वारला आणि धंद्याची सूत्रे योहान मारियाकडे आली. आपल्या पाण्याला त्याने नव्या गावाचे नाव दिले. तेव्हा युरोपातल्या बड्या लोकांची भाषा फ्रेंच, म्हणून नावही फ्रेंच.

पण त्या पाण्यात नवे असे काय होते? त्याआधीची सुगंधी द्रव्ये बहुधा जड असत. कस्तुरी, जवादी, अंबर असे उग्र, रेंगाळणारे वास. कस्तुरीतला मुख्य गंधरेणू म्हणजे पंधरा कार्बन अणूंचे मोठे कडे आणि त्याला चिकटलेली एक छोटी शेपटी. असा रेणू सावकाश उडतो, कपड्यावर दिवसेंदिवस टिकतो. फरीनाने लिंबू, संत्रे आणि दक्षिण इटलीतले बर्गमॉट यांच्या सालींची तेले निवडली. बर्गमॉट हेही लिंबाच्याच कुळातले फळ. या तेलांतला लिमोनीन हा रेणू दहा कार्बन व सोळा हायड्रोजन अणूंचा, हलका आणि चटकन उडणारा. बर्गमॉटमध्ये जोडीला लिनॅलिल अ‍ॅसिटेट असते. तोच पदार्थ लव्हेंडरच्या फुलांतही सापडतो. नाकाला ताजेतवाने वाटते ते अशा रेणूंमुळे.

एवढे हलके तेल विरघळवायचे कशात? चरबीत किंवा जड तेलात ते अडकून राहील, पाण्यात तर मिसळणारच नाही. उत्तर होते अल्कोहोल. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलाशी. मात्र ते शुद्ध हवे, नाहीतर दारूचाच वास वर येतो. वाईनचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून तीव्र अल्कोहोल मिळवण्याची विद्या युरोपात तोवर चांगली रुळली होती. फरीनाच्या पाण्याचा पाया तोच.

हा भाग वर्गात सहज दाखवता येतो. संत्र्याची साल मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबली की उडालेल्या फवाऱ्याच्या ठिणग्या होतात. ते सालीतले तेल, त्यात मुख्यतः लिमोनीन. नंतर मेणबत्ती विझवून, ती दूर ठेवून, स्पिरिटमध्ये निलगिरी तेलाचे काही थेंब विरघळवावेत. द्रावण स्वच्छ दिसेल. त्यात पाणी ओतले की ते दुधासारखे पांढरे होते. द्रावकाची ताकद कमी झाल्याने तेलाचे सूक्ष्म थेंब वेगळे होतात.

आपल्याकडची कनौजची अत्तरे याच्या अगदी उलट तत्त्वावर उभी आहेत. तिथे तांब्याच्या देगेतून निघालेली फुलांची वाफ भपक्यातल्या चंदनतेलात जिरवत. चंदनतेलाचे रेणू मोठे, सावकाश उडणारे. ते गुलाबाचा वास धरून ठेवतात. फरीनाला मात्र वास धरून ठेवायचा नव्हता, तो उधळायचा होता! यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. अल्कोहोलची भट्टी हाताशी असणारा आणि चंदनाचे तेल हाताशी असणारा, असे हे दोन कारागीर.

मला स्वतःला फरीनाची याहून मोठी वाटणारी करामत वेगळीच आहे. नैसर्गिक तेल दर हंगामाला बदलते. पाऊस, माती, फळ तोडण्याची वेळ यांनुसार घटकांचे प्रमाण हलते. तरी गिऱ्हाइकाला यंदाची बाटली गेल्या वर्षीसारखीच हवी असते. फरीनाच्या घराण्यात सांगतात त्याप्रमाणे, तो निरनिराळ्या पिकांची तेले एकमेकांत मिसळून वास जुळवत असे आणि प्रत्येक खेपेचा नमुना राखून ठेवत असे. नवे मिश्रण जुन्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगायचे. आमच्या प्रयोगशाळेत ज्याला ‘प्रमाण नमुना’ म्हणतात तीच ही कल्पना. मोजण्याचे उपकरण तेवढे नाक होते. कृती पाठ असणे वेगळे आणि बदलत्या कच्च्या मालातून तोच परिणाम पुन्हा पुन्हा साधणे वेगळे.

माल चालला, राजदरबारांत पोहोचला आणि नकलाही सुरू झाल्या. १७६६ मध्ये फरीना वारला तेव्हा नावाच्या रक्षणाचा कायदा नव्हता. कोलोनमध्ये जो तो हे पाणी बनवू लागला. कोणी ‘फरीना’ आडनावाचा इटालियन गाठून त्याला नावापुरता भागीदार करी. विल्हेल्म म्यूलहेन्स या व्यापाऱ्याने १८०३ मध्ये अशाच एका फरीनाकडून नाव वापरायचा हक्क विकत घेतला. त्या फरीनाचा मूळ घराण्याशी काही संबंध नव्हता. म्यूलहेन्सने पुढे तो हक्क आणखी अनेकांना विकला! मूळ दुकानाला अखेर नावापुढे ‘यूलिख चौकासमोर’ असा पत्ताच जोडावा लागला. कोणता फरीना खरा, हे गिऱ्हाइकाने दुकानाच्या जागेवरून ओळखायचे.

याच सुमाराला आणखी एक वळण आले. हे पाणी औषध म्हणूनही खपत असे. लोक ते पीतही. नेपोलियन स्वतः या पाण्याचा मोठा शौकीन, पण त्याच्याच राजवटीत १८१० मध्ये गुप्त औषधांची कृती उघड करण्याचा हुकूम निघाला. कृती म्हणजे तर सारे भांडवल. तेव्हा कोलोनच्या उत्पादकांनी औषधाचा दावा सोडला आणि हे केवळ सुगंधी पाणी असल्याचे जाहीर केले. (कपाळावरच्या पट्टीचा गुण बाष्पीभवनाचा; साध्या पाण्यानेही काम होते. अल्कोहोल त्वचेतून व श्वासावाटे शरीरात जाते, म्हणून लहान मुलांना अशी पट्टी लावू नये, असे आज डॉक्टर सांगतात.)

जर्मनीत व्यापारचिन्हांचा कायदा १८७४ मध्ये झाला. १८८१ मध्ये म्यूलहेन्सच्या नातवाला फरीना हे नाव सोडावे लागले. फ्रेंच अमलात शहरातल्या घरांना क्रमांक घातले होते, त्यात त्यांच्या घराला आला होता ४७११. तोच क्रमांक त्यांनी नाव म्हणून घेतला आणि तो जगभर गाजला. मूळ फरीनांची पेढी आजही कोलोनमध्ये, त्याच कुटुंबाकडे आहे.

नावाला संरक्षण मिळाले. वासाचे काय? वायुवर्णलेखनाचे तंत्र १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी मांडले. आज त्याच्या साह्याने कोणत्याही सुगंधाचे बरेचसे घटक व त्यांचे प्रमाण काही तासांत कळू शकते. फरीनाने जिवापाड जपलेले गुपित आता यंत्रापुढे फारसे गुपित राहत नाही. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आजच्या छोट्या गंधकारापुढचा प्रश्न हाच आहे. कविता किंवा चाल जशी रचणाऱ्याची, तसा गंधही रचणाऱ्याच्या मालकीचा का? जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, नाही. गंध रचणे हे केवळ कौशल्याचे काम आहे, त्याला लेखनहक्क लागू नाही. तीनच दिवसांनी नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या खटल्यात उलटा निर्णय दिला : बाटलीतल्या द्रवाला नव्हे, पण त्याच्या गंधाला लेखनहक्क मिळू शकतो.