सापडलेलं चांदीचं नाणं रोमन आहे का? असं तपासा

लातूरच्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'तगर' नावाची बाजारपेठ येते, ती हीच असं अभ्यासक मानतात. तिथला माल भडोच बंदरात जायचा आणि त्या बंदरात रोमन चांदीचं नाणं, म्हणजे डिनॅरियस, नफ्यात बदलून मिळायचं. त्यामुळे आपल्याकडे शेतात चेहऱ्याचं चांदीचं नाणं निघालं की ते रोमन वाटणं साहजिक आहे.

गुगल लेन्स लावून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. लेन्स दिसायला सारखे फोटो शोधतं. नाण्याचं वजन त्याला कळत नाही.

आधी मागची बाजू बघा. टेकडीसारख्या तीन कमानी, वर चंद्रकोर आणि कडेने ब्राह्मी अक्षरं असतील तर नाणं पश्चिमी क्षत्रपांचं. ते रोमन नाही. नहपान या क्षत्रपाच्या नाण्यावर मागे बाण आणि वज्र असतं, पण पुढे चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असतात. फसायला होतं ते इथेच! १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे छाप पुन्हा मारले होते. महाराष्ट्रात चेहऱ्याचं चांदीचं नाणं मिळालं तर मी आधी क्षत्रपच धरेन.

डिनॅरियसवर लॅटिन अक्षरं असतात, म्हणजे इंग्रजी कॅपिटलसारखीच. फक्त 'यू'च्या जागी 'व्ही' असतो, त्यामुळे ऑगस्टस हे नाव 'ए-व्ही-जी-व्ही-एस-टी-व्ही-एस' असं दिसतं. भारतात सापडलेल्या डिनॅरियसमध्ये दोन प्रकार सगळ्यात जास्त आहेत. ऑगस्टसच्या नाण्यामागे दोन तरुण उभे आहेत आणि मध्ये ढाली-भाले. टायबेरियसच्या नाण्यामागे खुर्चीवर बसलेली स्त्री आहे.

मग वजन. किचनचा काटा चालणार नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. काटा बरोबर आहे का ते बघायला २०१५ सालचं १ रुपयाचं नाणं ठेवा, ते ३.७९ ग्रॅम भरायला हवं. ऑगस्टसच्या काळातला डिनॅरियस साधारण ३.९ ग्रॅमचा. इ.स. ६४ मध्ये नीरोने तो कमी करून ३.४ च्या आसपास आणला. झिजेमुळे थोडं कमी भरेल. क्षत्रपांचं नाणं मात्र दोन-अडीच ग्रॅमचंच असतं आणि आकारानेही लहान. कडेला सांध्याची रेघ दिसली तर ते साच्यात ओतलेलं नकली असण्याची शक्यता मोठी. खरी नाणी ठशाने ठोकलेली असतात.

अक्षरं वाचता आली तर 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' या मोफत डेटाबेसमध्ये शोधा. अर्धवट अक्षरं टाकली तरी चालतात. फोटो उजेड एका बाजूने पाडून काढा, फ्लॅश नको. आणि चिंच, टूथपेस्ट, रांगोळी काहीही लावू नका, बारीक अक्षरं कायमची जातात.

नाणं जमिनीत सापडलं असेल तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा मिळाला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर शोधणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो, शिवाय तुरुंगवासही होऊ शकतो. म्हणून 'विकायचं आहे' असा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तो अर्ज द्या.