४ जीबी रॅम बसवली, मग संगणक ३.२५ का दाखवतो?



जुना लॅपटॉप मुलांच्या अभ्यासासाठी द्यायचा किंवा भारतात आईबाबांकडे पाठवायचा, तर आधी त्यात थोडी रॅम वाढवून घ्या, हा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. मग पैसे खर्चून ४ जीबी बसवली जाते आणि विंडोज सांगते : बसवलेली ४ जीबी, वापरता येण्याजोगी ३.२५. दुकानदाराने फसवले की चिप खराब निघाली, असे आम्हाला बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. मेमरी जागेवर असते, पण तिला द्यायला पत्ता उरलेला नसतो.

पुण्यातले सहा आकडी टेलिफोन नंबर आठवतात ना? सहा आकड्यांत एकूण १० लाख नंबर होतात. पण ० ने सुरू होणारे एसटीडीसाठी आणि १ ने सुरू होणारे पोलीस, अग्निशमन, चौकशी यांच्यासाठी राखलेले. म्हणजे २ लाख नंबर ग्राहकांना देताच येत नाहीत, मग गोदामात कितीही टेलिफोन पडून असोत.

३२-बिट प्रणालीचे हेच आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, प्रत्येक बाइटला एक याप्रमाणे बरोबर ४ जीबी. मात्र पत्ते फक्त रॅमला लागत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायॉसची चिप यांच्याशीही प्रोसेसर पत्त्यानेच बोलतो, आणि त्यांना ४ जीबीच्या हद्दीतले वरच्या टोकाचे पत्ते आधीच दिलेले असतात. तिथे येणारी रॅम झाकली जाते. म्हणून ३.२५ हा आकडा सगळीकडे सारखा नसतो. ग्राफिक्स कार्ड मोठे असेल तर तो ३ च्याही खाली जातो. म्हणजे कार्डावर जास्त पैसे घालवणाऱ्याची रॅम जास्त बुडते! एक्सपी नुसता कमी झालेला आकडा दाखवत असे. विंडोज ७ (२००९) पासून दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसू लागले, आणि शंका वाढल्या.

हा प्रश्न इथे ब्रिटनमध्ये त्याच्याही खूप आधी घरोघरी येऊन गेला आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये आला आणि इथल्या शाळाशाळांत पोचला. (भारत सरकारच्या १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून तो आपल्याकडच्या काही शाळांतही गेला, तेव्हा वाचकांपैकी कोणी तो हाताळलाही असेल.) त्याच्या प्रोसेसरकडे १६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६५,५३६. मॉडेल बी मध्ये खालचे ३२ किलोबाइट रॅमला. वरच्या ३२ पैकी १६ बेसिक भाषेच्या रॉमला, १६ प्रणालीच्या रॉमला आणि त्यातच ७६८ पत्ते उपकरणांना. उरलेल्या रॅममध्येही रंगीत चित्रांचा मोड २ लावला की पडदा २० किलोबाइट घेई, प्रणाली स्वतःसाठी साडेतीन ठेवी आणि कॅसेटवर काम करणाऱ्याच्या वाट्याला साडेआठ येत. १९८६ च्या मास्टर मॉडेलमध्ये १२८ किलोबाइट रॅम आली, पण पत्ते तेवढेच राहिले. म्हणून एकाच पत्त्यावर आळीपाळीने वेगवेगळी मेमरी आणायची, असा तोडगा काढला.

पीसीवरही असा तोडगा निघाला होता. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ‘पीएई’ ही सोय दिली. प्रत्यक्ष मेमरीचे पत्ते ३६ बिटांचे झाले, म्हणजे ६४ जीबीपर्यंत. ३२-बिट विंडोजच्या काही सर्व्हर आवृत्त्यांनी ती वापरली. घरगुती विंडोजला मात्र ४ जीबीचीच हद्द ठेवली गेली, कारण घरगुती उपकरणांचे अनेक ड्रायव्हर वरचे पत्ते पाहून कोसळत होते. तेव्हा हा दोष पूर्णपणे गणिताचा नाही. प्रिंटर आणि साउंड कार्ड चालू राहावेत म्हणून घेतलेला तो निर्णय होता, आणि आमच्या मते त्या वेळी तो बरोबरच होता.

नंबर संपले तेव्हा टेलिफोन खात्याने आकडे वाढवले. संगणकात ६४-बिट प्रणाली आली. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच मिळते. प्रश्न उरतो तो जुन्या यंत्रांचा.

रॅम मागवण्यापूर्वी सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे ‘सिस्टिम टाइप’ पाहा. प्रणाली ३२-बिट आणि प्रोसेसर ६४-बिट असे लिहिले असेल, तर आणखी रॅम घेऊन पैसे वाया जातील. आधी प्रणाली बदला. तीही वरच्यावर बदलत नाही, सगळे पुसून नव्याने घालावी लागते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, त्यामुळे विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर लिनक्स मिंटसारखी मोफत ६४-बिट प्रणाली घालणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते. रॅम मुळात २ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल, तर ६४-बिट करून काहीच हाती लागत नाही.

दोन अपवाद ध्यानात ठेवा. २००६-०७ च्या सुमाराचे इंटेल ९४५ चिपसेटचे लॅपटॉप ६४-बिट केले तरी सव्वातीनच्या आसपासच अडकतात; तिथे मदरबोर्डच आडवा येतो. आणि नव्या ६४-बिट यंत्रावर १६ ऐवजी साडेपंधरा दिसत असतील, तर तो वाटा बहुधा अंगच्या ग्राफिक्सने घेतलेला असतो. तो मोकळा करण्याच्या भानगडीत पडू नये.

जुने यंत्र पुसण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर तपासा. मंडळाचे जुने अंक, लग्नपत्रिका, आजोबांच्या आठवणी अशा गोष्टी युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. ६४-बिट विंडोजवर १६-बिट काळातले प्रोग्राम चालत नाहीत, आणि हार्डवेअर लॉक लागणाऱ्या प्रोग्रामला त्या लॉकचा ६४-बिट ड्रायव्हर मिळेलच असे नाही. तेव्हा त्या फाइली जुन्या यंत्रावरच उघडून पीडीएफ करून घ्या, मूळ फाइली व फाँट वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि पीडीएफ दुसऱ्या संगणकावर उघडून जोडाक्षरे नीट दिसतात का ते पाहा.