वंशावळ आणि महजर

नगर जिल्ह्यातल्या पाटील-देशमुख घराण्यांचा शोध घेणारे बहुधा भाटाच्या वंशावळीपासून सुरुवात करतात. ती थेट सूर्यवंशाला जाऊन भिडते आणि मधल्या पिढ्या गाळते. खऱ्या पिढ्या सापडतात त्या वतनाच्या भांडणांत. अहिल्याबाई होळकरांचे वडील मानकोजी शिंदे यांच्याकडे चौंडीची होती तशी पाटीलकी म्हणजे मान आणि उत्पन्न. ते कुणाचं, हा वाद निजामशाहीपासून (१४९०–१६३६) पेशवाईपर्यंत गोतसभेपुढे, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेपुढे, येई. निवाड्याच्या लेखावर, म्हणजे महजरावर, पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. भांडणारे खोटं बोलत, हा आक्षेप रास्त आहे. पण समोर प्रतिवादी भाऊबंद आणि सारा गाव बसलेला असताना आजा-पणजा बदलणं सोपं नव्हतं. शिवाय भाट वगळतो त्या धाकट्या शाखाही तिथे वाटणीसाठी हजर असत. १९६२च्या कायद्याने पाटीलकी संपली. माळ्यावरचं मोडी दप्तर मात्र रद्दीत घालू नका; असे महजर त्यात असू शकतात.