रंगाऱ्याचा कुंचला

घरातील दाराला दिलेला चकाकता तैलरंग मोठा चुगलखोर असतो. भिंतीवरचा चुना रंगाऱ्याची चूक पोटात घालतो. पण दारावर खिडकीतला प्रकाश तिरपा पडला, की कुंचल्याची प्रत्येक रेघ आणि चिकटलेला प्रत्येक केस उघडा पडतो. म्हणूनच या कामात रंगाइतकेच महत्त्व कुंचल्याच्या निवडीला आले.

तैलरंगासाठी डुकराच्या राठ केसांचा कुंचला उत्तम, असा जाणत्यांचा जुना निर्वाळा आहे. हा केस मुळाशी जाड व टोकाकडे निमुळता असून त्याचे टोक निसर्गतःच फाटलेले असते. त्या फाट्यांत रंग धरून राहतो व दारावर एकसारखा उतरतो. घोड्याच्या केसाला हा गुण नाही. स्वस्त कुंचल्यात त्याची भेसळ होत आली ती नफ्यापोटी.

थंड प्रदेशातील डुकरांचे केस अधिक लांब व ताठ असतात. चीनमधील चुंगकिंगच्या मालाला जगभर मागणी होती. आपल्याकडे कानपूरही या व्यापारासाठी प्रसिद्ध झाले. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनकडे जाणारा रस्ता तुटला. तेव्हा आसामातून हिमालयाच्या रांगा ओलांडून कुन्मिंगला युद्धसाहित्य नेणारी विमाने परतताना टंगस्टन आणि कथील यांच्या जोडीला डुकराचे केसही आणीत! युद्धनौकांनाही रंग लागतोच. पुढे कोरियातील युद्धामुळे १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. ती बंदी १९७१ पर्यंत उठली नाही.

या टंचाईने कृत्रिम धाग्याला संधी दिली. १९३८ मध्ये जाहीर झालेला नायलॉन प्रथम दात घासण्याच्या ब्रशात आला. परंतु गुळगुळीत, सरळ धागा रंग धरीना. मग धागा निमुळता करून त्याची टोके फाडण्यात आली. म्हणजे प्रयोगशाळेने अखेर डुकराचाच कित्ता गिरवला. पुढे पाण्यात मिसळणारे रंग आले, तेव्हा मात्र नैसर्गिक केस पाणी पिऊन लुळा पडू लागला आणि कृत्रिम धागा वरचढ ठरला. तैलरंगाला केस, पाण्याच्या रंगाला कृत्रिम धागा, हा आजचा निवाडा त्यातून आला.

निगेची रीत मात्र फारशी बदललेली नाही. नवा कुंचला आधी अस्तराच्या कामाला लावून त्याचे सुटे केस झडू द्यावेत. तैलरंगाचे काम संपताच तो टर्पेंटाइनमध्ये खळबळून, पत्र्याच्या कड्याशी साचलेला रंग काढून, साबणाने धुवावा आणि टांगून वाळवावा. केसांवर उभा ठेवलेला कुंचला कायमचा वाकतो. ज्या केसांसाठी विमानांनी हिमालय ओलांडला, ते डब्याच्या तळाशी एका रात्रीत वाळून दगड होतात. कारागिराचा आळस युद्धापेक्षा कमी नुकसान करीत नाही.